हवेला हिशेबात न धरणारा मजकूर

‘शाळेत तुम्हाला खोटं शिकवलं’ या ओळीनं सुरू होणारा एक लांबलचक मजकूर बरेच दिवस फिरतोय. मला तो तिघांनी पाठवला. एकानं ‘यात तथ्य आहे का?’ असं विचारत, उरलेल्या दोघांनी बिनदिक्कत. मजकुराचा रोख द्रव्य अक्षय्यतेच्या नियमावर आहे. रासायनिक अभिक्रियेत वस्तुमान नव्यानं तयार होत नाही आणि नाहीसंही होत नाही, हे साफ खोटं असून कुणीही घरबसल्या ते खोटं पाडू शकतो, असं लिहिणाऱ्याचं म्हणणं. त्यासाठी सात मुद्दे दिलेत. मेणबत्ती जळून संपते. लोखंड जळलं किंवा गंजलं की उलट जड होतं. चिमूटभर बीजातून टनभराचं झाड उभं राहतं आणि पाऊण किलो पेट्रोलमधून सव्वादोन किलो वायू निघतो. सोडा आणि व्हिनेगर फुगा लावून बंद केले तरी काट्यावरचं वजन घटतं. हायड्रोजन-ऑक्सिजनच्या तीन रेणूंपासून पाण्याचे दोनच रेणू होतात, आणि पाणी-अल्कोहोल पन्नास-पन्नास मिलिलिटर मिसळलं तर शंभर भरत नाही. वजन उतरवणाऱ्याची चरबी ‘ऊर्जा’ होऊन जाते. आणि सातवा, हुकमी मुद्दा: आइन्स्टाइननं हा नियम १९०५ सालीच मोडीत काढला.

नुसती थाप असती तर उत्तर लिहायची तसदी घेतली नसती. पण यातली बहुतेक निरीक्षणं खरी आहेत. मेणबत्ती संपतेच, लोखंड जड होतंच, फुग्याचा काटा खाली येतोच. घोटाळा आहे तो निष्कर्षात, आणि बहुतेक ठिकाणी तो एकाच कारणानं झालाय. लिहिणाऱ्यानं काट्यावर जे दिसतं तेवढंच मोजलं, आजूबाजूची हवा मोजलीच नाही.

नियम काय म्हणतो ते आधी नीट पाहू. अभिक्रियेत भाग घेणाऱ्या सगळ्या पदार्थांचं एकूण वस्तुमान आणि तयार झालेल्या सगळ्या पदार्थांचं एकूण वस्तुमान सारखं असतं. यातला ‘सगळ्या’ हा शब्द महत्त्वाचा. तो पाळायचा तर भांडं बंद हवं. आत काही शिरणार नाही, बाहेर काही निसटणार नाही. सातही मुद्दे वाचताना हे बंद भांडं शोधत जा.

मेणबत्तीचा मुद्दा पहिला, आणि तो सगळ्यांना पटतो, कारण मेण खरोखर डोळ्यांदेखत नाहीसं होतं. मागे उरते ती जळकी वात. पण मेण जातं कुठे? ज्योतीवर क्षणभर थंड, कोरडा चमचा धरा. त्यावर धुकं धरतं. ते पाणी आहे. मेणबत्तीच्या धुरावर बरणी उपडी धरून मग तिच्यात चुन्याची निवळी ओतून हलवली तर ती दुधाळ होते. तो कार्बन डायऑक्साइड.

आता आकडे मांडू. मेण म्हणजे कार्बन आणि हायड्रोजनच्या लांब साखळ्या. सगळ्या साखळ्या सारख्या लांबीच्या नसतात, पण नमुन्यादाखल २५ कार्बन आणि ५२ हायड्रोजन असलेली एक घेऊ. कार्बनचं अणुवस्तुमान १२, हायड्रोजनचं १, ऑक्सिजनचं १६. म्हणजे या साखळीचं रेणुवस्तुमान ३५२. ती पूर्ण जळायला ऑक्सिजनचे ३८ रेणू लागतात, त्यांचे १२१६. एका बाजूची बेरीज १५६८. जळून तयार होतात कार्बन डायऑक्साइडचे २५ रेणू, त्यांचे ११००, आणि पाण्याचे २६ रेणू, त्यांचे ४६८. बेरीज पुन्हा १५६८. ग्रॅममध्ये सांगायचं तर १० ग्रॅम मेण जळताना हवेतून सुमारे साडेचौतीस ग्रॅम ऑक्सिजन ओढून घेतं आणि सुमारे साडेचव्वेचाळीस ग्रॅम वायू आणि वाफ सोडतं. म्हणजे मेणबत्ती ‘नाहीशी’ होण्याच्या भानगडीत मेणाच्या चौपटीहून जास्त माल तयार झाला. फक्त तो खोलीभर पसरला.

हे कागदावरचं गणित आहे असं कुणी म्हणेल, म्हणून प्रयोगही सांगतो. तराजूच्या एका पारड्यात मेणबत्ती ठेवतात आणि तिच्यावर कंदिलाच्या काचेसारखी नळी बसवतात. नळीच्या वरच्या भागात जाळीवर कॉस्टिक सोड्याचे खडे असतात. हे खडे पाण्याची वाफही धरून ठेवतात आणि कार्बन डायऑक्साइडही. दुसऱ्या पारड्यात वजनं टाकून तराजू समतोल करायचा आणि मेणबत्ती पेटवायची. मेणबत्ती बुटकी होत जाते आणि तिचं पारडं हळूहळू खाली जातं. पहिल्यांदा पाहणारा माणूस तराजू बिघडलाय असंच समजतो. मजकूर लिहिणाऱ्यानं हे पाहिलं असतं तर पहिल्या मुद्द्यात ‘वस्तुमान नष्ट होतं’ याऐवजी ‘वस्तुमान तयार होतं’ असं लिहिलं असतं. तेही चूकच, पण निदान दुसऱ्या मुद्द्याशी जुळलं असतं.

कारण दुसऱ्या मुद्द्यात तो नेमकं तेच म्हणतोय. लोखंडी काथ्या, म्हणजे भांडी घासायचा बारीक तारांचा गुंडा, काट्यावर ठेवून पेटवला तर वजन वाढतं. खरं आहे. लोखंड ऑक्सिजनशी जोडलं जातं आणि तयार होणारं ऑक्साइड घन असतं, ते जागेवरच राहतं. १० ग्रॅम लोखंडाचं पूर्णपणे फेरिक ऑक्साइड झालं तर ते सुमारे १४.३ ग्रॅम भरतं. वरचे ४.३ ग्रॅम हवेतले. मेणबत्ती आणि काथ्या यांच्यात घडतं ते एकच, ऑक्सिजनशी संयोग. एकीचा माल वायू होऊन उडाला, दुसऱ्याचा काट्यावर बसून राहिला. एकाच मजकुरात वस्तुमान आधी नष्ट झालं आणि पुढच्याच परिच्छेदात तयार झालं, याचं लिहिणाऱ्याला काहीच वाटलं नाही, याचं मात्र मला नवल वाटलं.

हा पेच नवा नाही. अठराव्या शतकातले भले भले रसायनतज्ज्ञ यात अडकले होते. त्यांच्या समजुतीनुसार प्रत्येक जळणाऱ्या वस्तूत फ्लॉजिस्टन नावाचं एक तत्त्व असे आणि जळताना ते बाहेर पडे. लाकडाची मूठभर राख उरते, कारण फ्लॉजिस्टन गेलं. ठीक. पण धातू तापवला की त्याचं भस्म होतं आणि ते मूळ धातूपेक्षा जड भरतं. फ्रान्सच्या गितों द मोर्व्होनं १७७२ साली अनेक धातूंवर काळजीपूर्वक प्रयोग करून ही वाढ पक्की केली. आता काहीतरी बाहेर गेलं आणि वजन वाढलं, हे कसं? काहींनी फ्लॉजिस्टनला उणे वजन असतं इथपर्यंत मजल मारली. एकदा एखादी कल्पना डोक्यात बसली की माणूस तराजूलाही खोटा ठरवतो.

यातून वाट काढली ती फ्रेंच रसायनतज्ज्ञ लाव्हॉझिएनं, आणि ती कशी काढली ते जवळून पाहण्यासारखं आहे. रॉबर्ट बॉइलनं त्याच्या शंभरएक वर्षं आधी, १६७३ च्या सुमारास, बंद काचपात्रात धातू तापवले होते. पण वजन करण्याआधी त्यानं पात्र उघडलं. वजन वाढलेलं दिसलं आणि त्यानं निष्कर्ष काढला की आगीचे सूक्ष्म कण काच भेदून आत गेले. १७७४ साली लाव्हॉझिएनं कथलासह तोच प्रयोग केला. फरक एवढाच की पात्र तापवून, थंड करून, सील न तोडता आधी तोललं. वजनात वाढ नाही. मग सील तोडलं. सूंऽ करून बाहेरची हवा आत शिरली. पुन्हा तोललं, तेव्हा वजन वाढलेलं होतं. आत आलेली हवा जेवढी, तेवढंच कथलाचं भस्म मूळ धातूपेक्षा जड होतं. दोन क्रियांचा क्रम उलटा केला आणि आगीच्या कणांची गोष्ट निकालात निघाली. रशियात लोमोनोसोव्हनंही १७५६ साली बंद पात्रात धातू तापवून असाच निष्कर्ष नोंदवला होता, पण पश्चिम युरोपात त्याची फारशी दखल घेतली गेली नाही.

जाता जाता, लाव्हॉझिए पोटासाठी करवसुली करणाऱ्या कंपनीत भागीदार होता. जमा आणि खर्च जुळलेच पाहिजेत ही सवय त्यानं प्रयोगशाळेत आणली असं म्हणायचा मोह होतो. त्याच भागीदारीपायी ८ मे १७९४ रोजी त्याचं मुंडकंही गेलं.

तिसऱ्या मुद्द्यात झाड आणि पेट्रोल एकत्र आहेत. झाडाबद्दलचा प्रश्न चांगला आहे, आणि तो विचारणारा हा पहिला माणूस नाही. सतराव्या शतकात व्हान हेल्मोंट या वैद्य-रसायनतज्ज्ञानं २०० पौंड वाळवलेली माती मोठ्या कुंडीत घेऊन तिच्यात ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं. पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड १६९ पौंडांच्या वर गेलं आणि माती कमी झाली जेमतेम दोन औंस. म्हणजे झाड मातीतून आलेलं नाही, हे त्यानं बरोबर ओळखलं. मग ते सगळं पाण्यातून आलं असा निष्कर्ष त्यानं काढला, तो अर्धाच बरोबर होता. वाळलेल्या लाकडाचं साधारण निम्मं वजन कार्बनचं असतं आणि तो सगळा हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून येतो. दैवदुर्विलास असा की ‘गॅस’ हा शब्दच मुळी व्हान हेल्मोंटनं घडवलेला. कोळसा जळताना निघणाऱ्या वायूचाही त्यानं अभ्यास केला होता. आणि स्वतःच्या कुंडीचा हिशेब करताना तोच वायू विसरला.

पेट्रोलचा हिशेब झाडाच्या उलटा. एक लिटर पेट्रोल सुमारे पाऊण किलो भरतं, त्यातला सुमारे ६४० ग्रॅम कार्बन. कार्बनच्या दर १२ भागांना ऑक्सिजनचे ३२ भाग चिकटून ४४ भाग कार्बन डायऑक्साइड होतो. ६४० ला ४४ नं गुणून १२ नं भागा, २३५० च्या आसपास येतं. सव्वादोन किलोहून थोडं जास्तच. वरचं वजन इंजिननं ओढलेल्या हवेतलं. संपलं.

चौथा मुद्दा मात्र माझ्या मते या मजकुरातला एकमेव कसदार मुद्दा आहे, आणि त्याचं उत्तर पाठ्यपुस्तकात सहसा सापडत नाही. सोडा-व्हिनेगरचा प्रयोग कित्येक वर्गांत ‘द्रव्य अक्षय्यता दाखवण्यासाठी’ म्हणूनच करतात. बाटलीत व्हिनेगर, फुग्यात खाण्याचा सोडा, फुगा बाटलीच्या तोंडाला घट्ट बसवायचा, सगळं काट्यावर. मग फुगा उचलून सोडा आत पाडायचा. फसफस, फुगा फुगतो, आणि शिक्षक म्हणतात, पाहा, वजन तेच! खरं तर काटा पुरेसा बारीक असेल तर वजन तेच राहत नाही. घटतं. मजकूर लिहिणाऱ्यानं हे पाहिलं आणि ‘बंद भांड्यातही नियम मोडतो’ असं जाहीर केलं.

मी हे ०.१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर करून पाहिलं. ८.४ ग्रॅम सोडा घेतला, कारण त्यातून बरोबर ४.४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघायला हवा, हिशेबाला सोपं. व्हिनेगर दीडशे मिलिलिटर, म्हणजे सोडा सगळा संपावा. फुगा वीतभराहून थोडा लहान झाला आणि काट्यावरचा आकडा पावणेतीन ग्रॅमच्या आसपास खाली आला. फुगा गळतोय का म्हणून साबणाचं पाणी लावून पाहिलं. गळत नव्हता.

गळत नव्हता तर पावणेतीन ग्रॅम गेले कुठे? कुठेच नाही. आपण हवेच्या तळाशी राहतो. पाण्यात बुडवलेली वस्तू हलकी लागते तशी हवेत ठेवलेली प्रत्येक वस्तू किंचित हलकी लागते. ती जेवढी हवा बाजूला सारते तेवढ्या हवेच्या वजनाइतकं बल तिला वर उचलत असतं. हे प्लावक बल. अभिक्रियेआधी फुगा लुळा होता, जागा अडवत नव्हता. अभिक्रियेनंतर त्यानं सव्वादोन-अडीच लिटर जागा अडवली. खोलीतली एक लिटर हवा सुमारे १.२ ग्रॅम भरते. सव्वादोन लिटरला १.२ नं गुणा, पावणेतीनच्या घरात आकडा येतो. थोडा वायू व्हिनेगरमध्येच विरघळून राहतो, तो धरला की जुळतं. काटा खोटं बोलत नव्हता. पण तो वस्तुमान दाखवत नव्हता. वस्तुमानातून प्लावक बल वजा करून उरलेलं दाखवत होता, आणि प्लावक बल मध्येच वाढलं होतं.

ही सारवासारव नाही हे पटवायला दुसरा प्रयोग केला. या वेळी भांडं असं हवं जे फुगणार नाही. फसफसणाऱ्या पेयाची एक लिटरची जाड प्लॅस्टिकची बाटली घेतली; ती दाब सोसायलाच बनवलेली असते. सोडा फक्त २ ग्रॅम, पातळ कागदाच्या पुडीत. पुडी टाकली, झाकण घट्ट फिरवलं, वजन केलं, मग बाटली तिरपी करून हलवली. आत धुमाकूळ, बाटली दगडासारखी टणक. काट्यावर आकडा तोच. पाच मिनिटांनी पाहिला, तोच. मग झाकण सैल केलं, फुस्स झालं आणि आकडा पाऊण ग्रॅमच्या आसपास उतरला. लाव्हॉझिएच्या पात्रात हवा आत शिरली होती, इथे वायू बाहेर पडला, एवढाच फरक. (कुणी करून पाहणार असेल तर काचेची बाटली अजिबात नको आणि सोडा दोन ग्रॅमच्या वर नको.)

म्हणजे या मुद्द्यावर मजकूर लिहिणाऱ्याचं निरीक्षण कित्येक वर्गांतल्या शिक्षकांपेक्षा चोख ठरतं. काटा घटतो हे त्यानं पाहिलं आणि लपवलं नाही. फक्त त्यापुढचा एक प्रश्न विचारला नाही.

पाचव्या मुद्द्यावर फार वेळ घालवण्यासारखं नाही. हायड्रोजनचे दोन रेणू आणि ऑक्सिजनचा एक, असे तीन. पाण्याचे मात्र दोन. मग एक रेणू हरवला? हरवला नाही, मोडला. रेणू म्हणजे अणूंची जुळणी, आणि अभिक्रिया म्हणजे जुळण्या मोडून नव्या बांधणं. रेणूंची संख्या टिकते असं नियम कधीच म्हणालेला नाही. अणू मोजा: आधी चार हायड्रोजन आणि दोन ऑक्सिजन, नंतरही चार आणि दोन. वस्तुमान आधी ४ आणि ३२ मिळून ३६, नंतर दोनदा १८, पुन्हा ३६. समीकरण ‘संतुलित’ करायला लावतात ते याचसाठी. पाणी-अल्कोहोलचंही तेच. पन्नास-पन्नास मिलिलिटर मिसळले की मिश्रण ९६-९७ मिलिलिटरच भरतं, कारण दोन्हीचे रेणू एकमेकांच्या पोकळ्यांत सामावतात आणि जवळ ओढले जातात. पण ते तोला. पन्नास ग्रॅम पाणी आणि साडेएकोणचाळीस ग्रॅम अल्कोहोल मिळून साडेएकोणनव्वद ग्रॅमच. आकारमान टिकवण्याचं वचन कुणी दिलं होतं?

सहावा मुद्दा चरबीचा, आणि इथे मात्र निरीक्षणच चुकीचं आहे. ‘चरबी जळून ऊर्जा होते, म्हणून वजन उतरतं, म्हणजे वस्तुमान नष्ट झालं.’ हा समज फक्त या मजकुराचा नाही. रुबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राउन यांनी २०१४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलेल्या लेखात हाच प्रश्न डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि व्यायाम प्रशिक्षकांना विचारला होता, आणि त्यांच्यातल्याही बहुसंख्यांनी चरबीची ऊर्जा होते असंच उत्तर दिलं. मानवी चरबीचा सरासरी रेणू ५५ कार्बन, १०४ हायड्रोजन आणि ६ ऑक्सिजन यांचा धरला तर १० किलो चरबी शरीरात पूर्ण ऑक्सिडाइज व्हायला २९ किलो ऑक्सिजन श्वासावाटे आत यावा लागतो. तयार होतो २८ किलो कार्बन डायऑक्साइड आणि ११ किलो पाणी. दहा आणि एकोणतीस एकोणचाळीस, अठ्ठावीस आणि अकरा एकोणचाळीस. मूळच्या १० किलोंपैकी ८.४ किलो निःश्वासातून जातात, उरलेले १.६ किलो पाण्यावाटे. उतरलेलं वजन नाकातोंडातून बाहेर गेलं. म्हणून नुसतं जोरजोरात श्वास सोडून वजन उतरेल असं मात्र नाही. कार्बन आधी पेशींत सुटा व्हावा लागतो.

ऊर्जा मिळते हे खरं, पण ती बंध मोडून नवे बांधताना सुटते, अणू गिळून नाही. एक किलो वस्तुमान खरोखर ऊर्जेत गेलं तर जवळपास अडीच हजार कोटी युनिट वीज भरेल एवढी ऊर्जा मोकळी होईल. व्यायामशाळेत एखाद्याचं किलोभर वजन असं उतरलं तर व्यायामशाळाही उरणार नाही.

याच आकड्यावरून सातव्या मुद्द्याकडे जाता येतं. ई इज इक्वल टू एमसी स्क्वेअर, म्हणजे ऊर्जा बरोबर वस्तुमान गुणिले प्रकाशवेगाचा वर्ग. हे सूत्र खरं आहे, आणि अभिक्रियेतून उष्णता बाहेर गेली की तेवढ्या ऊर्जेचं वस्तुमानही जातं, हेही खरं आहे. इथे मी मजकुराला अर्धं माप देतो. ‘वस्तुमान कधीच, अजिबात बदलत नाही’ असं कुणी छातीठोकपणे शिकवत असेल तर ते काटेकोर बोलायचं तर बरोबर नाही. पण किती बदलतं ते सांगायची मजकुराला गरज वाटली नाही. एक किलो पेट्रोल जळताना सुमारे साडेचार कोटी ज्यूल उष्णता निघते. प्रकाशवेगाचा वर्ग म्हणजे नवावर सोळा शून्यं. भागाकार केला की येतो अर्धा मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा वीस लाखावा भाग. पेट्रोल आणि त्यानं ओढलेला साडेतीन किलो ऑक्सिजन असे साडेचार किलो तोलल्यावर एवढा फरक! हजार कोटीत एक भाग. आणि हा फरकदेखील उष्णता भांड्याबाहेर गेली तरच. ती आत कोंडून ठेवता आली तर भांड्याचं वस्तुमान तेवढंही हलणार नाही.

अणुकेंद्रकात गोष्ट वेगळी. युरेनियमच्या विखंडनात वस्तुमानाचा साधारण हजारावा भाग ऊर्जा होऊन जातो, सूर्य दर सेकंदाला चाळीस लाख टनांहून जास्त वस्तुमान प्रकाश आणि उष्णतेच्या रूपात उधळतो. पण या रासायनिक अभिक्रिया नव्हेत. मेणबत्ती, गंज, सोडा यांत अणुकेंद्रकाला धक्काही लागत नाही. फक्त बाहेरचे इलेक्ट्रॉन जागा बदलतात. कार्बन कार्बनच राहतो, ऑक्सिजन ऑक्सिजनच. लाव्हॉझिएचा नियम ज्या मुलखापुरता आहे, तिथे आइन्स्टाइननं त्याला दहाव्या दशांश स्थळावर एक बारीकशी तळटीप जोडली, मोडीत काढलं नाही.

या नियमाला खोटं पाडायचा सगळ्यात जिद्दीचा प्रयत्न झाला तो या मजकुरात नाहीच. तो हान्स लांडोल्ट या रसायनतज्ज्ञानं बर्लिनमध्ये केला, १८९० च्या दशकापासून १९०८ पर्यंत. त्याचं साधन म्हणजे दोन पायांची काचेची नळी. एका पायात एक द्रावण, दुसऱ्यात दुसरं, वरून काच वितळवून कायमची बंद. तोलायची, मग उलटीपालटी करून द्रावणं मिसळू द्यायची, आणि पुन्हा तोलायची. चांदीच्या क्षारातून चांदी वेगळी करण्यासारख्या पंधरा अभिक्रिया त्यानं अशा तपासल्या. सुरुवातीला त्याला बऱ्याच वेळा किंचित घट दिसली, आणि ती काट्याच्या चुकीपेक्षा मोठी वाटत होती. त्यानं ती तशीच प्रसिद्धही केली. हे आपल्या मजकुराच्या लेखकाला माहीत असतं तर आठवा मुद्दा आयता मिळाला असता.

लांडोल्ट तिथे थांबला नाही. अभिक्रियेच्या उष्णतेनं नळी तापते तेव्हा काचेवरचा ओलाव्याचा अदृश्य पापुद्रा उडून जातो, हे त्याच्या लक्षात आलं. आणि दुसरं, तापलेली काच किंचित फुगते आणि पुन्हा मूळ आकाराला यायला खूप दिवस घेते. तेवढे दिवस ती नळी थोडी जास्त हवा बाजूला सारत असते, म्हणून हलकी भरते. फुग्याचीच गोष्ट, फक्त काचेच्या नळीत आणि कित्येक हजार पटींनी बारीक. मग त्यानं नळ्या नुसत्या ठेवून दिल्या, काच निवून पूर्ववत व्हायची वाट पाहिली आणि पुन्हा तोलल्या. घट होती ती एक कोटीत एका भागाच्या आसपास, म्हणजे त्याच्या तराजूला खात्रीनं दिसेल त्याच्याही खाली गेली. १९०८ साली त्यानं आपल्याच आधीच्या निष्कर्षावर फुली मारली.